तात्यांना सगळं माहीत होतं

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा. पण घरात साठी ओलांडलेला बाप, चुलता, सासरा असेल तर वाचाच.

वीस-बावीस वर्षं मी शहापूर-मुरबाडमध्ये बातमीदारी करतोय. भातसा-तानसा आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आपल्याच पाड्यांवर, यावर किती वेळा लिहिलं त्याची मोजदाद नाही. आमदार, तहसीलदार, ठेकेदार, सगळ्यांपुढे माईक धरून वाकडेतिकडे प्रश्न विचारलेत. आणि तोच मी, सख्ख्या चुलत्याच्या आजारपणात डॉक्टरपुढे बसलो तेव्हा एक साधा प्रश्न विचारू शकलो नाही. आज त्याबद्दल लिहितोय. शिव्या द्यायच्या असतील तर पहिली मला द्या, मग बाकीच्यांना.

माझे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर सरळगावच्या बाजूला आमच्या गावात भातशेती. रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठायचे. "वय झालं" म्हणून वर्षभर कोणी मनावर घेतलं नाही. एके दिवशी लघवी तुंबली, नळी घालावी लागली, आणि तिथून तपासण्या सुरू झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला. रक्तातला पीएसए २१२. निरोगी माणसात हा आकडा साधारण चारच्या आत असतो.

इंजेक्शनं सुरू झाली, दर तीन महिन्यांनी एक. आणि खरं सांगतो, जादू झाल्यासारखं झालं. पीएसए एकच्या खाली आला, तात्या परत बांधावर दिसायला लागले. दोन वर्षं चांगली गेली. लावणीला उभे राहिले, म्हशाच्या जत्रेत बैलबाजार फिरून आले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग आकडा चढायला लागला.

मुंबईतलं एक मोठं रुग्णालय. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच राहणार. डॉक्टरांनी फाईल चाळली. तात्या समोरच बसले होते. माझ्या चुलतभावानं डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं, यांच्यासमोर नको. डॉक्टरांनाही ते बरंच वाटलं असावं. "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा." ज्याच्या हाडात रोग, तो चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बाहेर बाकड्यावर, आणि आत आम्ही दोघं धडधाकट. आत काय बोलणं झालं? जेमतेम तीन मिनिटं. "इंजेक्शनचा असर कमी झालाय. आजार पुढे सरकलाय. ही गोळी सुरू करू, बघू." मी "बरं" म्हणालो. माईक धरणारा मी, "बरं" म्हणालो. बाहेर येऊन तात्यांना सांगितलं, "काही नाही, गोळी बदलली फक्त."

पुढचे सहा महिने आमच्या घरात नाटक चाललं. रिपोर्ट कपाटात काकूच्या साड्यांखाली. फोन आला की ओसरीवरून उठून परसात जायचं. भेटायला येणाऱ्याला दारातच तंबी, "त्यांना काही बोलू नका." कोणीतरी वैदूचा काढा आणून दिला, तोही पाजला. पोटात काय गेलं देव जाणे. आपण काहीतरी करतोय असं आम्हाला वाटायला हवं होतं.

एकदा मुरबाडहून कल्याणला निघालो होतो. एसटीत तात्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. तारीखवार आकडे. ०.९, २.४, ७, १९, ४६. दर वेळी लॅबच्या काउंटरवरच्या पोराला विचारून लिहून घ्यायचे म्हणे.

"अरे, रोज रात्री वेबिल जुळवलाय मी. आकडा चढतोय का उतरतोय, येवढा मला कळत नाय का?"

मी गप्प. मग म्हणाले, "पाठ दुखते. चार महिने झाले. रात्रीचा झोप नाय. तुम्ही माझ्यापासून लपवताय, म्हटला मी पण लपवतो. तुम्हाला कशाला ताप."

चार महिने! हाडातल्या गाठीमुळे दुखत असेल तर त्या जागेवर रेडिएशन देतात. आपल्याकडे त्याला लाईट देणं म्हणतात. बरेचदा एका दिवसात, एकाच डोसमध्ये काम होतं आणि बऱ्याच जणांना आराम पडतो. ते सोडून माझा चुलता चार महिने रात्रभर कूस बदलत पडला, आणि आम्ही त्याच घरात साड्यांखाली रिपोर्ट लपवून "यांना त्रास नको" म्हणत होतो.

म्हणून आज स्पष्ट लिहितोय. आजारी माणसापासून आजार लपवणं ही माया नाही. तो आपला भित्रेपणा आहे. आणि त्याची किंमत आपण मोजत नाही, तो मोजतो.

आता थोडं आजाराबद्दल. कारण "औषध लागू पडत नाही" हे वाक्य ऐकलं की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर घरच्यांचे हातपाय गळतात, नाहीतर जमिनीला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात होते. दोन्ही घाईचं आहे.

प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन नावाच्या हार्मोनवर पोसतो. हे चार्ल्स हगिन्स या डॉक्टरनं १९४१ साली दाखवून दिलं आणि त्यासाठी त्याला १९६६ साली नोबेल मिळालं. योगायोग बघा, परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटलही १९४१ चंच. तेव्हापासून आजवर उपचाराचा पाया तोच, हा हार्मोन बंद करा. छोट्या ऑपरेशननं करा किंवा इंजेक्शननं. बहुतेकांना गुण येतो. कोणाला वर्ष-दीड वर्ष, कोणाला कितीतरी जास्त.

पण आजार चिवट असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मोठी जलवाहिनी बंद केली म्हणून सगळ्या वस्तीचं पाणी तुटत नाही. कोणी चोरून जोडणी घेतो, कोणी बोअर मारतो. कॅन्सरच्या पेशीही तेच करतात. थोड्याशा हार्मोनवर भागवतात, नाहीतर स्वतःच तयार करतात. पीएसए परत चढतो तो त्यामुळे. याचा अर्थ पहिल्या उपचाराची ताकद संपत आली. सगळे उपचार संपले असा त्याचा अर्थ होत नाही.

अशा वेळी जाणता डॉक्टर आधी काय बघतो? टेस्टोस्टेरॉन खरंच खाली आहे का. कारण इंजेक्शन पंधरा दिवस उशिरा झालं तरी गडबड होऊ शकते, आणि आपल्याकडे पावसात रस्ता बंद, लगीनघाई, पैसे नाहीत, या कारणांनी इंजेक्शन चुकणं काही नवीन नाही. मग स्कॅन करून आजार कुठे किती पसरलाय ते बघतात. मग पुढची पायरी. अबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइडसारख्या गोळ्या. डोसिटॅक्सेल नावाची केमो, सहसा तीन आठवड्यांनी एकदा. काहींच्या गाठीत बीआरसीए जनुकाचा दोष सापडतो, त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या. काहींना ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, आणि हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीतही तयार होतं. हाडं मोडू नयेत म्हणून वेगळी इंजेक्शनं असतात. यातलं सगळं सगळ्यांना चालत नाही. पण आहे तरी काय, हे आजारी माणसाला कळलं पाहिजे की नको?

आणि त्यातून मिळणार काय, हेही कळलं पाहिजे. डोसिटॅक्सेलचं उदाहरण घेतो. २००४ साली जगभरातल्या हजारावर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या जुन्या केमोच्या तुलनेत या औषधानं आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढलं आणि जास्त जणांचं दुखणं कमी झालं. ही सरासरी आहे. कोणाला त्याहून बराच जास्त फायदा होतो, कोणाला काहीच नाही. एखादा म्हणेल, मला दोन महिने हवेत, नातीचं लग्न आहे. दुसरा म्हणेल, मला मुंबईच्या फेऱ्या नकोत, मला माझ्या ओसरीवर राहू द्या. दोघंही बरोबर आहेत. पण हे ठरवणार कोण? ज्याचं शरीर तो, का टेबलाखालून पाय दाबणारा पुतण्या?

समृद्धी महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी मोबदल्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशोब मागितला. मोजणी परत करा म्हणाले, प्रांत ऑफिसात दिवसदिवस बसले. बरोबरच केलं. मग त्याच पैशातले लाखभर रुपये एका केमोत घालताना "याने काय होणार?" एवढं विचारायला आपली जीभ का रेटत नाही?

डॉक्टर मंडळींना आता दोन शब्द. राग मानू नका, तुम्हालाही वाचायला हवं म्हणून लिहितोय.

तुमच्याच व्यवसायाचे २००२ चे आचारनियम आहेत. त्यात लिहिलंय की डॉक्टरनं आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना पुरेशी माहिती आहे याची खात्री करावी. चांगला नियम आहे. पण त्यातला "किंवा" बघा. त्या "किंवा"च्या फटीतून आमचे तात्या बाहेरच्या बाकड्यावर गेले. नातेवाइकाला सांगितलं की डॉक्टर मोकळा.

कायदा मात्र इतका ढिला नाही. २००८ सालचा समीरा कोहली खटला. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या माणसाच्या शरीरावर काय करायचं याची संमती त्याचीच हवी. त्या खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. कोर्टानं ती संमती धरली नाही. म्हणजे सख्ख्या आईची सही चालली नाही, आणि आपल्याकडे ओपीडीत भाचा, पुतण्या, जावई, शेजारी सगळ्यांची मान डोलली की झालं!

डॉक्टरांची बाजूही मला दिसते. एका दुपारच्या ओपीडीत शंभर केस पेपर, बाहेर रांग, आत फोन. त्यात कोणाला मोकळेपणानं "आता हा आजार बरा होणार नाही" सांगावं तर चार पोरं टेबलावर हात आपटतात. डॉक्टरांवरचे हल्ले इतके वाढले की २०१० साली महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपण खरं बोलणाऱ्याला मारायला धावणार आणि मग म्हणणार डॉक्टर खरं बोलत नाहीत. हा दुटप्पीपणा आपला आहे, तो आपण आधी सोडायचा.

तरीही डॉक्टरसाहेब, एक विनंती. "बघू" हा शब्द सोडा. "बघू" म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला कळत नाही. तो घरी जाऊन त्याचा अर्थ "बरं होणार" असा लावतो आणि बैलजोडी विकतो.

आता आपण, घरचे. "खचून जातील" हे आपलं लाडकं कारण. 'श्वास' पिक्चर आठवतो? २००४ साली आला, सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करसाठी भारताकडून गेला. त्यात आजोबा कोकणातून नातवाला शहरात डॉक्टरकडे आणतात. ऑपरेशननं पोराची दृष्टी जाणार असते. डॉक्टर अडून बसतो की हे त्या लहानग्याला आधी कळलं पाहिजे. अख्ख्या महाराष्ट्रानं तो पिक्चर बघून डोळे पुसले, डॉक्टरचं बरोबर आहे म्हणून मान डोलावली. एवढ्याशा पोराला सांगायला हवं हे आपल्याला पटतं. मग ज्यानं दुष्काळ बघितला, पोरीची लग्नं लावली, स्वतःच्या आईबापाला खांदा दिला, त्या म्हाताऱ्याला सत्य झेपणार नाही असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

अर्थात काही माणसांना खरंच जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क आहे. पण तसं त्यांनी सांगायला हवं. साधा उपाय आहे, त्यांनाच विचारा. "तात्या, रिपोर्ट आलाय. डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हाला ऐकायचंय, का मी बघू?" एवढंच. उत्तर काहीही येवो, ते त्यांचं असेल.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तात्या आत बसले. तेच डॉक्टर, तेच टेबल. तात्यांनी डायरी उघडून ठेवली आणि विचारलं, "साहेब, आता देणार त्या औषधानं बरा होणार का थोडा थांबणार?" डॉक्टर क्षणभर थांबले, पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाबा, बरा नाही होणार. काही महिने थांबवता येईल, किती ते नक्की नाही सांगता येत." तात्या म्हणाले, "मग पाठीचा काय ते आधी करा." बारा मिनिटं बोलले दोघं. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो. त्या बारा मिनिटांत सहा महिन्यांचं नाटक संपलं. त्याच डॉक्टरांकडे द्यायला बारा मिनिटं होती. आम्ही मागितलीच नव्हती.

म्हणून खाली प्रश्न देतोय. स्क्रीनशॉट काढा, कागदावर लिहा, खिशात ठेवा. डॉक्टरपुढे गेलं की सगळं विसरायला होतं, माझं झालं होतं.

१. औषध लागू पडत नाही हे कशावरून म्हणताय? नुसत्या पीएसएवरून, स्कॅनवरून, का त्रास वाढला म्हणून? (एका रिपोर्टवर घाबरू नका. बहुतेक वेळा परत तपासून बघतात.)
२. टेस्टोस्टेरॉन तपासलंय का? आधीचं इंजेक्शन चालू ठेवायचं का?
३. पुढे काय काय करता येईल? प्रत्येकाचा हेतू काय, आयुष्य वाढवणं का त्रास कमी करणं?
४. माझ्यासारख्या रुग्णाला साधारण किती फायदा होतो? महिन्यांत सांगा, चालेल.
५. त्रास काय होईल? शेतावर जाता येईल का, घरी स्वतःचं स्वतः करता येईल का?
६. खर्च किती? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? (योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा.) याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का?
७. किती वेळा मुंबईला यावं लागेल? रक्त तपासणी, इंजेक्शन यातलं काय गावाजवळ होईल? तशी चिठ्ठी लिहून द्या.
८. दुखण्यासाठी आजपासून काय?
९. काहीच नवीन औषध घेतलं नाही तर काय होईल?
१०. रात्री-अपरात्री काही झालं तर कुठे जायचं, कोणाला फोन करायचा?

आणि एक गोष्ट कोणाला विचारायची वाट बघू नका. प्रोस्टेटच्या कॅन्सरवाल्याची पाठ अचानक जास्त दुखायला लागली, पायातली ताकद गेली, पाय बधिर झाले, लघवी-संडासचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. एक-दोन दिवसांच्या उशिरानं माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. "सोमवारी ओपीडीला दाखवू" असं करू नका.

कागदपत्रांचंही सांगतो. तुमची फाईल तुमची आहे. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं त्याच २००२ च्या नियमांत आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही. आणि शेवटच्या काळात नळ्या-मशीन लावायची का नाही, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. पोरांना आयसीयूच्या दारात भांडायला लावण्यापेक्षा हे बरं.

आता सरकार आणि पुढारी. तुम्हाला सोडलं तर पोस्ट पुरी होणार नाही.

आजार बरा करता येत नाही तेव्हा दुखणं, धाप, उलटी, झोप, मनाची घालमेल सांभाळायचं एक पूर्ण शास्त्र आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती शेवटच्या आठवड्यात बोलवायची गोष्ट नाही. २०१० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारासोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस चांगले गेले, शेवटी शेवटी केमोचा मारा कमी झाला, आणि ते जगलेही थोडे जास्त. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली आपल्या मुंबईतच, वांद्र्याला उभं राहिलं. परळच्या टाटामध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. मॉर्फिन मिळणं परवान्यांच्या जंजाळात अडकलं होतं म्हणून २०१४ साली संसदेनं कायदा बदलला. आणि गावागावातल्या उपकेंद्रांवर आज जी आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे, त्या केंद्रांसाठी ठरवलेल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा हीसुद्धा आहे.

म्हणजे कागद सगळा तयार आहे. आता टोकावड्याचा, डोळखांबचा, किन्हवलीचा माणूस विचारतोय, माझ्या बापाला रात्री दुखलं तर मॉर्फिनची गोळी कुठे मिळेल? कसारा लोकलच्या गर्दीत त्याला उभा करून परळला न्यायचं का? मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही.

माझ्या मागण्या चारच. शहापूर आणि मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक ठरलेला दिवस पॅलिएटिव्ह ओपीडी. तिथे तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन, आणि ते उपलब्ध आहे असं मोठ्या अक्षरांत बाहेर लिहिलेलं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी एक प्रशिक्षित नर्स. आणि मुंबईच्या रुग्णालयातून येणाऱ्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाच्या फाईलला साध्या मराठीत एक पान: आजार कुठे आहे, पुढे काय, दुखलं तर काय. पुढाऱ्यांनो, चष्मेवाटपाच्या शिबिराचे बॅनर खूप झाले. यातलं एक करून दाखवा, तुमचा फोटो मी स्वतः पहिल्या पानावर छापायला सांगीन.

तात्यांचं सांगतो आणि थांबतो. पाठीला लाईट दिला, दहा-बारा दिवसांत झोप लागायला लागली. मॉर्फिन चालू झालं. "याची सवय लागंल का रं?" म्हणून त्यांनीच विचारलं. डॉक्टरांनी समजावलं की दुखण्यासाठी नीट मापात घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. बद्धकोष्ठ मात्र होतो, त्याचं औषध सोबत घ्या. केमोला ते नको म्हणाले. आम्ही सगळे रडलो, चिडलो, मग मानलं. वाटणीपत्रावर स्वतःच्या हातानं सही केली. काकूला बँकेत नेऊन पासबुक दाखवलं. नऊ महिने मिळाले. ओसरीवर गेले, घरच्यांच्या हातात हात.

डायरी माझ्याकडे आहे. शेवटच्या आकड्याखाली त्यांनी रेघ मारलीय, वेबिलाखाली मारायचे तशी.

त्यांचा हिशोब जुळला होता. आमचाच जुळत नव्हता.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. पण आज रात्री जेवताना घरातल्या म्हाताऱ्याला एकदा विचारा, "तुम्हाला काही दुखतंय का?" आणि उत्तर येईपर्यंत मोबाईल खाली ठेवा.